प्रिन्स एडवर्ड काउंटी : शाळांचा कर शून्य झाला तेव्हा

अमेरिकेतल्या खाजगी शाळांत गोऱ्या मुलांचं प्रमाण सार्वजनिक शाळांपेक्षा जास्त असतं, हे आकड्यांत लगेच दिसतं. २०१९ च्या सुमारास देशभरातल्या खाजगी शाळांत शंभरातली साधारण ६६ मुलं गोरी होती, सार्वजनिक शाळांत ४७. कृष्णवर्णीय मुलं खाजगीत ९, सार्वजनिक शाळांत १५. हा फरक का, असं विचारलं की बहुतेक जण एका शब्दात उत्तर देतात : फी. गोऱ्या कुटुंबांकडे सरासरीने पैसा जास्त, म्हणून त्यांची मुलं खाजगीत जास्त.

हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. दक्षिणेतल्या कित्येक गावांत फी ही नंतर आलेली गोष्ट आहे. तिथे दोन शाळांमधली भिंत आधी ठराव करून, कर रद्द करून आणि सरकारी तिजोरीतून धनादेश काढून उभी केली गेली. हे सगळं ज्या गावात कागदोपत्री, तारखांसकट पाहता येतं, अशा एका गावाचं हे प्रकरण आहे.

‘सार्वजनिक शाळा’ म्हणजे अमेरिकेतलं पब्लिक स्कूल. आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेसारखं : मोफत, सर्वांना खुलं, आणि बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालणारं. त्या करावरच ही सगळी कथा फिरते.

दोन शाळांचं गाव

व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड. तिथून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर प्रिन्स एडवर्ड काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तंबाखूची शेती, लाकूड, छोटी गावं. मुख्य गाव फार्मव्हिल. यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५ मध्ये, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती जनरल ली याचं सैन्य याच वाटेने मागे हटत ॲपोमॅटॉक्सला शरण गेलं.

आज फार्मव्हिलला काउंटीच्या सार्वजनिक शाळा आहेत, आणि फ्यूक्वा स्कूल नावाची एक खाजगी शाळा आहे. २०१० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या २३,००० च्या थोडी वर होती. त्यात गोरे सुमारे ६४ टक्के, कृष्णवर्णीय सुमारे ३३ टक्के. सार्वजनिक शाळांतली निम्म्याहून अधिक मुलं मात्र कृष्णवर्णीय, आणि फ्यूक्वामध्ये कृष्णवर्णीय मुलं मोजकीच.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. शाळेची तुलना गावाच्या एकूण लोकसंख्येशी करणं ही अशा अभ्यासातली नेहमीची चूक आहे. प्रिन्स एडवर्डमध्ये लाँगवुड विद्यापीठ आणि हॅम्पडेन-सिडनी कॉलेज या दोन मोठ्या संस्था आहेत. जनगणना विद्यार्थ्यांना जिथे राहतात तिथे मोजते, त्यामुळे बाहेरून आलेली हजारो, बहुतांशी गोरी, तरुण मुलं काउंटीच्या आकड्यात मिसळतात. त्यांची स्वतःची मुलं काही फार्मव्हिलच्या शाळेत जात नाहीत. म्हणून ६४ टक्क्यांचा आकडा शाळेच्या वर्गाशेजारी ठेवला की फरक आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. तुलना करायची तर शाळकरी वयाच्या मुलांशी करावी. तशी केली तरी फरक उरतोच, आणि उरलेला फरक कुठून आला हे समजायचं तर १९५१ पर्यंत मागे जावं लागतं.

डांबरी कागदाच्या झोपड्या

रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल १९३९ मध्ये काउंटीच्या कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलं. क्षमता १८० मुलांची. १९५१ पर्यंत तिथे ४५० हून अधिक मुलं शिकत होती. जिमखाना नाही, जेवणघर नाही, प्रयोगशाळा नाही. वाढलेल्या मुलांसाठी शाळेच्या आवारात लाकडी खोल्या उभ्या केल्या होत्या. त्यांच्या भिंती आणि छपरं डांबर लावलेल्या कागदाने झाकलेली. पाऊस आला की गळायच्या. शेगडीजवळच्या मुलांना उकडायचं आणि दाराजवळची मुलं अंगातला कोट काढायची नाहीत. गावातल्या गोऱ्या मुलांच्या शाळेत या सगळ्या सोयी होत्या, आणि कृष्णवर्णीय पालक ते रोज पाहत होते.

२३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स या मुलीने संप घडवला. मुख्याध्यापकांना खोटा फोन करून गावात बोलावून घेतलं, त्यांच्या नावाने सभागृहात सगळ्यांना जमवलं, शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलांसमोर बोलली. ४५० मुलं बाहेर पडली आणि संप दोन आठवडे चालला. बार्बराचे काका व्हर्नन जॉन्स हे अलाबामातल्या माँटगोमेरीचे पाद्री होते. पुढे त्यांच्याच चर्चमध्ये मार्टिन लूथर किंग आले.

मुलांची पहिली मागणी फक्त चांगल्या इमारतीची होती. नागरी हक्क संघटना एनएएसीपीचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन आले आणि त्यांनी अट घातली : इमारतीसाठी लढायचं नाही, वेगळ्या शाळाच नकोत यासाठी लढायचं असेल तर आम्ही उभे राहतो. शेतमजूर, गिरणीकामगार, घरकाम करणाऱ्या बायका यांना हा निर्णय काही दिवसांत घ्यायचा होता. त्यांनी होकार दिला. २३ मे १९५१ रोजी डेव्हिस विरुद्ध काउंटी स्कूल बोर्ड हा दावा दाखल झाला. वादींत ११७ मुलं होती आणि पहिलं नाव डोरोथी डेव्हिस या चौदा वर्षांच्या मुलीचं. सर्वोच्च न्यायालयाने ज्या पाच दाव्यांचा एकत्र निकाल १७ मे १९५४ ला दिला आणि वर्णावरून वेगळ्या सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरवणारा जो निकाल ब्राउन निकाल म्हणून ओळखला जातो, त्यातला हा एक. पाचांपैकी विद्यार्थ्यांनी स्वतः सुरू केलेला एवढा एकच.

दरम्यान काउंटीने १९५३ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी नवं मोटन हायस्कूल बांधून दिलं. जी इमारत मागून मिळत नव्हती ती दावा दाखल होताच दोन वर्षांत उभी राहिली. समान सोयी दिल्या तर वेगळेपण टिकेल, हा त्यामागचा हिशेब होता. तो चुकला.

ठराव

ब्राउन निकालानंतर व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी ‘मॅसिव्ह रेझिस्टन्स’ची, म्हणजे सर्व शक्तीनिशी विरोधाची, हाक दिली. राज्याने कायदा केला की ज्या शाळेत गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र येतील ती बंद करायची. १९५८ मध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटीत शाळांना कुलुपं लागली. १९ जानेवारी १९५९ ला राज्याच्या आणि संघराज्याच्या अशा दोन्ही न्यायालयांनी हे कायदे रद्द केले. तिथल्या शाळा उघडल्या. प्रिन्स एडवर्डने मात्र वेगळी वाट धरली.

व्हर्जिनियात शाळा चालवण्याचं काम स्कूल बोर्डाचं, पण कर बसवण्याचा अधिकार त्याला नाही. पैसा देतं काउंटीचं पर्यवेक्षक मंडळ. न्यायालयाचा आदेश होता स्कूल बोर्डावर : सप्टेंबर १९५९ पासून भेदभाव बंद करा. पर्यवेक्षक मंडळाने आदेश मोडलाच नाही. जून १९५९ मध्ये त्यांनी नव्या वर्षासाठी शाळांचा कर बसवायलाच नकार दिला. पैसा नाही, म्हणून शाळा नाही. शाळा नाही, म्हणून एकत्र बसवण्याचा प्रश्न नाही. अंदाजपत्रकात कोणाचाही वर्ण लिहावा लागला नाही.

सप्टेंबर उजाडला तेव्हा काउंटीतल्या सगळ्या सार्वजनिक शाळा बंद होत्या. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलं आणि १,५०० च्या आसपास गोरी मुलं त्या शाळांत होती. शाळकरी मुलांत कृष्णवर्णीय मुलं जास्त होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाळा एकत्र झाल्या असत्या तर बहुतेक वर्गांत गोरी मुलं अल्पसंख्य ठरली असती. पर्यवेक्षकांच्या भीतीचं मूळ इथे होतं.

धनादेश

गोऱ्या मुलांसाठी पर्याय तयार होता. प्रिन्स एडवर्ड स्कूल फाउंडेशन ही संस्था १९५५ मध्येच नोंदवली गेली होती. गावातल्या दैनंदिन व्यवहारात ज्यांचा शब्द चालायचा ते व्यापारी, शेतकरी आणि स्थानिक वृत्तपत्राचे मालक तिच्या मागे होते. सप्टेंबर १९५९ मध्ये प्रिन्स एडवर्ड अकॅडमी सुरू झाली. चर्चमधल्या खोल्या आणि गावातल्या मिळतील त्या इमारतींत वर्ग भरले. सार्वजनिक शाळांतले जवळपास सगळे गोरे शिक्षक तिकडे गेले. कृष्णवर्णीय शिक्षक बेकार झाले आणि बहुतेकांनी काउंटी सोडली. पुढच्या दोन वर्षांत अकॅडमीची स्वतःची हायस्कूलची इमारतही झाली.

पहिल्या वर्षी खर्च देणग्यांवर भागला. दुसऱ्या वर्षी सरकारी पैसा आला, आणि या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो. १९६० मध्ये राज्याने कायदा केला की खाजगी शाळेत जाणाऱ्या कोणत्याही मुलाला १२५ किंवा १५० डॉलर शुल्क अनुदान मिळेल. कोणत्याही मुलाला, वर्ण कोणताही असो. काउंटीने त्यात स्वतःचे १०० डॉलर घातले. म्हणजे अकॅडमीच्या प्राथमिक वर्गातल्या मुलामागे २२५ आणि हायस्कूलमधल्या मुलामागे २५० डॉलर. शिवाय काउंटीतल्या खाजगी शाळेला देणगी देणाऱ्याला मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट. १९६०-६१ मध्ये अकॅडमीचं मुख्य उत्पन्न हे अनुदानच होतं, असं पुढे सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं.

कागदावर हक्क सर्वांना होता. पण काउंटीत खाजगी शाळा एकच, आणि ती फक्त गोऱ्यांना घ्यायची. कृष्णवर्णीय शेतकरी मालमत्ता कर भरत होता, त्याच्या करातून शेजाऱ्याच्या मुलाची फी जात होती आणि त्याचं स्वतःचं मूल घरी बसलं होतं. ‘पालकांची निवड’ हा शब्द तेव्हाही वापरात होता. निवड कोणाला होती हे या एका वाक्यावरून कळतं.

१९६१ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने मनाई केली : सार्वजनिक शाळा बंद असेपर्यंत काउंटीने अनुदान आणि करसूट द्यायची नाही. मग अकॅडमी फी आणि देणग्यांवर चालू लागली. ‘फीमुळे फरक पडतो’ हे उत्तर प्रिन्स एडवर्डमध्ये खरं ठरायला सुरुवात झाली ती इथून, आणि तोवर अकॅडमीला शिक्षक, विद्यार्थी आणि इमारत सगळं मिळून चुकलं होतं. फी न परवडणारी काही गरीब गोरी मुलंही या वर्षांत शाळेबाहेर राहिली. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे.

नाकारलेला देकार

डिसेंबर १९५९ मध्ये काही गोऱ्या मंडळींनी कृष्णवर्णीय मुलांसाठीही एक वेगळी खाजगी शाळा काढण्याची तयारी दाखवली. त्यासाठी संस्था नोंदवली, अर्ज मागवले. जवळजवळ कोणीच अर्ज केला नाही.

मी या गोष्टीवर बराच विचार केला आहे. मूल दहा वर्षांचं होतंय, त्याला वाचता येत नाही, आणि समोर शाळा देऊ केली जातेय. नाही म्हणायचं कसं? फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री एल. फ्रान्सिस ग्रिफिन आणि त्यांच्याबरोबरचे पालक नाही म्हणाले, कारण हो म्हटलं असतं तर दोन वर्णांच्या दोन खाजगी शाळा हीच काउंटीची शिक्षणव्यवस्था झाली असती आणि न्यायालयातला दावा आपोआप मेला असता. सार्वजनिक शाळा हा आपला हक्क आहे, तो कोणाच्या मेहेरबानीत बदलून घ्यायचा नाही, ही त्यांची भूमिका. ग्रिफिन यांच्या संघटनेने चर्चमध्ये आणि सभागृहांत मुलांसाठी वर्ग चालवले, पण त्यांना मुद्दाम ‘शाळा’ म्हटलं नाही, ‘प्रशिक्षण केंद्र’ म्हटलं. शब्दाबाबत इतकी काळजी घेतली, कारण शाळा म्हटलं तर उद्या न्यायालयात विरुद्ध बाजू म्हणाली असती की यांची सोय झालेली आहे.

या निर्णयाची किंमत मोठ्यांनी नाही, मुलांनी मोजली, हे मान्य करूनही मला तो बरोबर वाटतो. आणि तसा वाटताना जड जातं, तेही खरं.

काहींनी मुलांना शेजारच्या काउंटीत किंवा दूरच्या राज्यांत नातेवाइकांकडे ठेवलं. क्वेकर पंथीयांच्या संस्थेने पन्नासाहून अधिक मुलांना इतर राज्यांत अनोळखी कुटुंबांत ठेवून शिकवलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजने साठेक मोठ्या मुलांना घेतलं. भावंडांपैकी एकाला पाठवायचं आणि बाकीच्यांना शेतावर ठेवायचं, असे निर्णय घराघरांत झाले. बहुसंख्य मुलं काउंटीतच राहिली आणि चार वर्षं नियमित शाळेत गेलीच नाहीत. १९५९ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल १९६३ मध्ये दहा वर्षांचं झालं आणि पेन्सिल कशी धरायची हे त्याला माहीत नव्हतं. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तेव्हाच येऊन या मुलांच्या नुकसानाची मोजणी केली. गावातल्या कुटुंबांना त्यासाठी संशोधक लागत नव्हते.

१९६३ आणि १९६४

मार्च १९६३ मध्ये ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी एका भाषणात पृथ्वीवर मोफत सार्वजनिक शिक्षण न देणाऱ्या ठिकाणांची यादी दिली : कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनाम, सारावाक, सिंगापूर, ब्रिटिश होंडुरास आणि व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी. त्या उन्हाळ्यात फार्मव्हिलच्या रस्त्यांवर तरुणांनी निदर्शनं केली, अटका झाल्या. सप्टेंबरमध्ये केनेडींच्या पुढाकाराने आणि खाजगी देणग्यांवर ‘फ्री स्कूल्स’ सुरू झाल्या, फक्त एका वर्षासाठी. माजी गव्हर्नर कोलगेट डार्डन अध्यक्ष, नील सलिव्हन अधीक्षक, शिक्षक देशभरातून आलेले. १,५०० हून अधिक कृष्णवर्णीय मुलं आली आणि सुरुवातीला चार गोरी मुलं. त्या चार घरांचं गावात काय झालं असेल याची कल्पना करता येते.

२५ मे १९६४ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिन विरुद्ध काउंटी स्कूल बोर्ड या दाव्यात निकाल दिला. यातले ग्रिफिन म्हणजे त्याच पाद्रींची मुलं. शाळा ‘विचारपूर्वक वेगाने’ एकत्र करा, असं याच न्यायालयाने १९५५ मध्ये म्हटलं होतं. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं की ‘विचारपूर्वक वेगा’ची वेळ आता संपली आहे. एका जिल्ह्यातल्या शाळा बंद ठेवून तिथल्या गोऱ्यांच्या खाजगी शाळेला सरकारने पैसा पुरवणं हा राज्यघटनेने सर्वांना दिलेल्या समान संरक्षणाचा भंग आहे, आणि गरज पडली तर पर्यवेक्षकांना कर बसवायला न्यायालय भाग पाडू शकतं. स्थानिक संस्थेने कर बसवावा असं न्यायालयाने सांगणं ही साधी गोष्ट नव्हती. मोटनच्या मुलांचा संप होऊन तोवर तेरा वर्षं झाली होती.

पर्यवेक्षकांनी तरीही एक शेवटचा प्रयत्न केला. ऑगस्ट १९६४ मध्ये, अनुदानावर पुन्हा मनाई येण्याआधी, त्यांनी रात्री बैठक घेऊन पुढच्या वर्षाच्या अनुदानाचा मोठा हिस्सा आगाऊ देऊन टाकायचं ठरवलं. फोन फिरले, गोरे पालक रात्रीच जमले आणि सकाळपर्यंत सुमारे १,८०,००० डॉलरचे धनादेश वाटले गेले. वरिष्ठ न्यायालयाने पुढे हा न्यायालयाचा अवमान ठरवला आणि ती रक्कम परत भरण्याची जबाबदारी पर्यवेक्षकांवर टाकली. राज्याची अनुदान योजना १९६९ मध्ये न्यायालयाने पूर्णच रद्द केली.

सप्टेंबर १९६४ मध्ये सार्वजनिक शाळा उघडल्या. १,५०० च्या आसपास मुलं, आणि त्यांत दहापेक्षाही कमी गोरी. हजाराहून जास्त गोरी मुलं अकॅडमीत. न्यायालयाने निकाल कृष्णवर्णीय मुलांच्या बाजूने दिला होता, पण ज्यांच्या शेजारी बसण्याचा तो हक्क होता ती मुलं दुसऱ्या इमारतीत निघून गेली होती.

भिंत कशी टिकली

१९६४ नंतर काउंटीतल्या सत्ताधाऱ्यांची मुलं सार्वजनिक शाळेत नव्हती. पण सार्वजनिक शाळेचं अंदाजपत्रक तेच ठरवत होते. यातून जे होतं ते झालं : कर कमीत कमी, पगार कमी, इमारतींची डागडुजी मागे. शाळा कमकुवत राहिली की अकॅडमीकडे बोट दाखवून म्हणता यायचं, बघा, म्हणूनच आम्ही मुलांना तिकडे घालत नाही. कारण आणि परिणाम यांनी असे हात धरले की ते सोडवायला पंधरा-वीस वर्षं लागली.

प्रिन्स एडवर्ड हे इतरांसाठी उदाहरण ठरलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिसिसिपीच्या तीस-बत्तीस जिल्ह्यांना ताबडतोब शाळा एकत्र करायला लावल्या आणि दक्षिणभर अशा अकॅडम्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. त्यांना ‘सेग्रिगेशन अकॅडमी’ म्हणतात. मिसिसिपीतल्या होम्स काउंटीत सार्वजनिक शाळांतली गोरी मुलं ७७१ वरून एका वर्षात २८ वर आली, आणि पुढच्या वर्षी एकही उरलं नाही. एवढ्या थोड्या काळात कोणाची मिळकत बदलत नाही. ७७१ चे शून्य होण्याचं कारण फी असू शकत नाही.

कायदा हळूहळू खाजगी शाळांपर्यंतही पोहोचला. १९७० मध्ये करखात्याने जाहीर केलं की वर्णावरून प्रवेश नाकारणाऱ्या शाळांना करमाफी मिळणार नाही. १९७६ मध्ये रनियन विरुद्ध मॅक्रेरी या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की खाजगी शाळेलासुद्धा वर्णावरून मुलाला नाकारता येत नाही. त्यातल्या शाळा उत्तर व्हर्जिनियातल्या होत्या, म्हणजे आज जिथे पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात त्या भागातल्या. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या आपल्या पहिल्या पिढीची मुलं तेव्हा शाळेच्या वयात येत होती. आपल्याला कोणत्याही शाळेच्या दारात उभं राहून ‘प्रवेश हवाय’ म्हणता येतं, ते दोन कृष्णवर्णीय कुटुंबांनी लढलेल्या दाव्यामुळे. घर घेताना शाळेचं रेटिंग बघणाऱ्या आपल्या घरांत ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. ती बोलायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

प्रिन्स एडवर्ड अकॅडमीची करमाफी १९७० च्या दशकाच्या अखेरीस गेली. कृष्णवर्णीयांना बंदी असा नियम आमच्याकडे कुठेही लिहिलेला नाही, असं अकॅडमीचं म्हणणं होतं. पण वीस वर्षांत एकाही कृष्णवर्णीय मुलाला प्रवेश दिलेला नव्हता. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं अपील ऐकायला नकार दिला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिने प्रवेश सर्वांना खुला केला आणि पहिली कृष्णवर्णीय मुलं आली.

याच काळात सार्वजनिक शाळेकडे गोरी मुलंही परतू लागली. अकॅडमीची फी वाढत होती, आणि सार्वजनिक शाळा नव्या प्रशासनाखाली सुधारत होत्या. दोन्ही महाविद्यालयांत काम करायला बाहेरून आलेल्या कुटुंबांना अकॅडमीच्या इतिहासाशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी मुलं सार्वजनिक शाळेत घातली. म्हणून आजची प्रिन्स एडवर्डची सार्वजनिक शाळा मिसिसिपीतल्या अनेक ठिकाणांसारखी जवळजवळ पूर्ण कृष्णवर्णीय राहिलेली नाही, ती खरोखर मिश्र आहे. काउंटीच्या एकमेव सार्वजनिक हायस्कूलमध्ये दोन्ही वर्णांची मुलं एकाच बाकावर बसतात, आणि ते हायस्कूल म्हणजे १९५३ मध्ये वेगळेपण वाचवायला बांधलेली तीच मोटनची नवी इमारत.

अकॅडमी आर्थिक अडचणीत होती तेव्हा याच काउंटीत वाढलेले उद्योजक जे. बी. फ्यूक्वा यांनी तिला एक कोटी डॉलर दिले. १९९३ मध्ये तिचं नाव फ्यूक्वा स्कूल झालं. आज ती सर्वांना प्रवेश देते, शिष्यवृत्त्या देते. तिथे शिकणाऱ्या मुलांवर १९५९ चा दोष टाकणं अन्याय आहे. पण कोणत्या घरातलं मूल कोणत्या शाळेत जातं हे नुसत्या नियमाने ठरत नाही. आई कुठे शिकली, शेजारची मुलं कुठे जातात, आपल्या मुलाला तिथे एकटं वाटेल का, यानेही ते ठरतं. ज्या शाळेच्या दारात आपल्याला वीसहून अधिक वर्षं उभं केलं नाही, तिथे नातवंडाला फी भरून घालायला कृष्णवर्णीय आजी तयार होत नाही. यात फी हे कारण आहेच, पण ते एकटं कारण नाही. म्हणून एखाद्या गावातल्या खाजगी आणि सार्वजनिक शाळांची वर्णरचना मला कोणी दाखवली, तर फीच्या आधी मी एक गोष्ट विचारतो : ही खाजगी शाळा कोणत्या वर्षी सुरू झाली? दक्षिणेत ते वर्ष १९५५ ते १९७२ च्या दरम्यान निघालं, तर मी त्या गावचे न्यायालयाचे निकाल शोधायला लागतो.

उशिरा आलेलं

बार्बरा जॉन्सला संपानंतर धमक्यांमुळे माँटगोमेरीला काकांकडे पाठवण्यात आलं. ती पुढे फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली आणि १९९१ मध्ये वारली. मोटनची जुनी इमारत आता संग्रहालय आहे. अमेरिकेच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने उभा असलेला जनरल ली याचा पुतळा डिसेंबर २०२० मध्ये हलवण्यात आला, आणि त्याच्या जागी राज्याने बार्बरा जॉन्सची निवड केली.

२००३ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळा बंद केल्याबद्दल तीव्र खेद व्यक्त करणारा ठराव केला. त्याच वर्षी काउंटीने शिक्षण हुकलेल्या माणसांना मानद हायस्कूल पदविका दिल्या. २००८ मध्ये पर्यवेक्षक मंडळाने न्यायालयाच्या इमारतीच्या मनोऱ्यात कायम जळणारा एक दिवा लावला आणि स्वतःच्या नावाने दुःख व्यक्त केलं.

यांत प्रत्यक्ष पैसा फक्त एका गोष्टीत होता. २००४ मध्ये राज्याने दहा लाख डॉलर आणि उद्योजक जॉन क्लूगी यांनी तेवढेच घालून एक शिष्यवृत्ती सुरू केली. ज्यांची शाळा तेव्हा बंद झाली त्यांनी आता हायस्कूलची परीक्षा द्यावी, कॉलेजला जावं, राज्य खर्च देईल. १९५९ मध्ये पहिलीत जायला निघालेली मुलं त्या वर्षी एक्कावन्न वर्षांची होती. त्यांतल्या काहींनी अर्ज भरले.